डावीकडचा ब्रेक

“चाळीस! काटा चाळीसच्या वर न्यायचा नाही अशी शपथच घेतलीय या माणसानं. टेन गावापासून मागे आहे मी त्याच्या. टेनपासून!”

“तुझं सूप गार होतंय,” बायको म्हणाली.

“होऊ दे. लंडनची गाडी आहे. दारावर ड्रायव्हिंग स्कूलची अक्षरं खरवडून काढलेली दिसतात अजून. शिकाऊ असाल तर आपापल्या गल्लीत शिका की. ए-नाईन हायवेवर कशाला?”

बोलणाऱ्याचा समज असा, की आपण हळू बोलतोय. पण स्कॉटलंडमधल्या हेल्म्सडेलच्या त्या इवल्याशा कॅफेत टेबलं इतकी खेटून होती की त्याच्या पाठीला सुप्रभाची पाठ जवळजवळ टेकलीच होती. तिनं मागे वळून पाहिलं नाही. साखर घेत नसूनही ती चहा ढवळत राहिली. समोर बसलेल्या तिच्या लेकीनं, देवयानीनं, सगळं ऐकलं होतं. आणि ती आता मेन्यूकार्डावरचं स्कोनचं वर्णन उद्या त्यावर परीक्षा असल्यासारखं वाचत होती.

एवढ्यात काउंटरवरून ट्रे घेऊन पुरुषोत्तम आले. ताठ मान, कडक इस्त्रीचा शर्ट, आणि चालताना ट्रेमधला थेंबही हलणार नाही असा हात. टेबलाशी पोचता पोचता डावा खांदा कोट टांगायच्या स्टँडला आपटला. “सॉरी, मॅडम,” ते स्टँडला म्हणाले, अगदी मनापासून. स्टँडवर एका बाईचा लांब कोट टांगलेला होता, एवढी बाजू त्यांची घेता आली असती.

“बाबा, हा स्कोन छान दिसते,” देवयानी घाईघाईनं म्हणाली. तिचा जन्म लंडनच्या एजवेअरचा. मराठी घरात शिकलेलं, त्यामुळे घराबाहेर पडलं की त्याचे पाय जरा इकडेतिकडे पडत.

“खा. पुढे चढ आहे मोठा. पोटात असू दे काहीतरी,” पुरुषोत्तम म्हणाले.

मागचा गृहस्थ आता मान लाल करून सूप पीत होता.

*

तीस वर्षं पुरुषोत्तम देवस्थळींनी एजवेअरला गाडी चालवायला शिकवली. पुण्याहून, मुंबईहून, नागपुराहून सॉफ्टवेअरची मुलं यायची, तिकडं दहा दहा वर्षं गाडी हाणलेली. पहिल्या दिवशी छाती पुढे काढून बसायची आणि परीक्षेत पहिल्याच फटक्याला नापास व्हायची. मग कोणीतरी सांगायचं, देवस्थळी सरांकडे जा. सर म्हणायचे, “तुला गाडी येते. रस्ता येत नाही. हॉर्न आहे हे आधी विसर. आणि बघ. आरसा बघ, खांद्यावरून बघ, मग परत बघ.” बघ, बघ, बघ. घरीसुद्धा ते झोपेत ‘बघ’ म्हणायचे, असं सुप्रभा सांगे, आणि ऐकणारे हसत.

ती स्वतः मात्र त्यांच्याकडे शिकली नाही. तिसऱ्या धड्याला ती स्टॅनमोअरला गाडीतून उतरली आणि बसनं घरी आली. मग एका आयरिश बाईंकडे शिकून पास झाली. शाळेच्या किचनमधली नोकरी संपेपर्यंत आपली छोटी गाडी ती निमूट चालवत असे. त्या गाडीत पुरुषोत्तम कधी बसले नाहीत. “मी बसलो की शिकवणार, आणि मी शिकवलं की तू उतरणार,” असं त्यांचं म्हणणं. संसार टिकवायचा तर काही गाड्या वेगळ्या असाव्यात, यावर दोघांचं एकमत होतं.

गेल्या वर्षी त्यांनी अचानक शिकवणं थांबवलं. “कंटाळा आला,” म्हणाले. टपावरची पाटी काढली, दारावरची अक्षरं खरवडली. डावीकडचे पेडल मात्र तसेच ठेवले. शिकवायच्या गाडीत शिक्षकाच्या पायाशी क्लच आणि ब्रेक असा जास्तीचा जोड असतो. विद्यार्थी गांगरला की शिक्षक तिथून ब्रेक लावतो. दोन्हीकडचे ब्रेक एकमेकांना बांधलेले असतात. डावीकडचा दाबला की उजवीकडचाही खाली जातो.

शिक्षकाच्या त्या सीटवर आता सुप्रभा बसायची. आणि एके दिवशी मिल हिलच्या राउंडअबाउटला एका सायकलवाल्या पोरीसाठी तिचा पाय आपसूक त्या ब्रेकवर पडला. पोरगी डावीकडे होती. अगदी ढळढळीत, उन्हात, पिवळंधमक जाकीट घालून. पुरुषोत्तमांनी तिला पाहिलंच नव्हतं.

त्या दिवसापासून सुप्रभाचा पाय तिथं असे. जड बूट तिनं सोडले, पातळ तळाचे घेतले. कोणाला कळू नये इतपत हलकेच दाबायची. त्यांच्या लक्षात येत नाही, अशी तिची समजूत होती. दोनदा ती म्हणाली, “डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन येऊ या का?” दोन्ही वेळा ते म्हणाले, “चष्मा ठीक आहे.” त्यापुढं काय बोलायचं? ज्या माणसानं उभा जन्म लोकांना ‘बघ’ सांगितलं, त्याला सांगायचं तरी काय आणि कोणत्या तोंडानं? ऑक्टोबरात त्यांना सत्तर वर्षं पूर्ण होणार होती. लायसन्स नवीन करावं लागणार होतं, तेव्हा आपोआप निघेल विषय, अशी ती स्वतःची समजूत घालत असे. आणि तोवर कोणी सापडलं चाकाखाली, तर? हा विचार मनात आला की ती उठून भांडी घासायला लागे.

अशात देवयानीला आमंत्रण आलं. ती ब्रिस्टलच्या एका म्युझियममध्ये काम करायची. तिचा विषय फरचा जुना व्यापार. बीव्हर नावाच्या प्राण्याच्या लोकरीपासून साहेबांच्या हॅट्स बनत, त्यासाठी फरच्या एका कंपनीची जहाजं कॅनडाला जात. जाताना ती स्कॉटलंडच्याही वर, ऑर्कनी बेटांतल्या स्ट्रॉमनेस गावी थांबत. तिथून पाणी भरत आणि माणसंही. त्याच गावात तिला भाषण द्यायला बोलावलं होतं.

“मी फ्लाय करते,” ती फोनवर म्हणाली.

“विमान कशाला? मी आहे ना,” पुरुषोत्तम म्हणाले. “आयुष्यभर त्याच सहा रस्त्यांवरून तीसच्या स्पीडनं फिरलो. एकदा रस्ता संपेपर्यंत जाऊन बघायचंय.”

निघायच्या सकाळी त्यांनी चारही चाकांखाली लिंबं ठेवली. गाडी हलली, तीन फुटली. डावीकडच्या पुढच्या चाकाचं लिंबू चाकापासून वीतभर लांब ठेवलेलं होतं. ते तसंच राहिलं, पिवळं, गोल, निवांत. सुप्रभानं “पाण्याची बाटली विसरले” म्हणून उतरून ते टाचेखाली चिरडलं. मागच्या सीटवरून देवयानीनं पाहिलं. मायलेकींची नजरानजर झाली, आणि दोघींनी लगेच हवेबद्दल बोलायला सुरुवात केली.

*

बेरिडेलचा उतार आला तेव्हा समुद्र उजव्या हाताला झगझगत होता. ‘लो गिअर’ असं लिहिलेली पाटी गेली. रस्ता एकदम खाली दरीत कोसळत होता, आणि पलीकडच्या डोंगरावर हेअरपिनचं वळण घेऊन तितकाच उभा वर चढत होता.

“सेकंड,” पुरुषोत्तम स्वतःलाच म्हणाले. “इंजिनला धरू दे गाडी. ब्रेकवर उभं राहायचं नाही.”

त्यांचा उतार खरोखर देखणा होता. गाडी मांजरीच्या पावलांनी खाली आली. सुप्रभाला वाटलं, उगाच आपण घाबरतो. या हातांना काय झालंय? पूल ओलांडून चढ सुरू झाला, वळण आलं, आणि वळणाच्या डाव्या कडेला, गवतातून रस्त्यावर पाय टाकत, एक मेंढी आली. मागे कोकरू.

“बाबा! तो मेंढी!” देवयानी ओरडली.

त्याआधीच सुप्रभाचा पाय खाली गेला होता. गाडी हिसका देऊन थांबली. मेंढीनं त्यांच्याकडे तिरस्कारानं पाहिलं, कोकराला पुढं घातलं आणि दोघं संथपणे रस्ता ओलांडून गेली. मागे लाकडं लादलेला ट्रक करकचून थांबला होता.

पुरुषोत्तमांनी हँडब्रेक लावला, गिअर टाकला, चढावरून गाडी इंचभरही मागे न घसरू देता उचलली. वर सपाटीवर आल्यावर म्हणाले, “या गाडीचे ब्रेक जरा जास्तच चांगले झालेत हल्ली.”

“सर्व्हिसिंग केलं होतं ना,” सुप्रभा म्हणाली.

“हो. त्यानंच.”

“आई, तुला माहितीये,” देवयानीनं मागून सूर लावला, “ते हॅट करायला मर्क्युरी वापरायचे, आणि हॅटवाल्यांना वेड लागायची.”

“अगंबाई,” सुप्रभा म्हणाली. बीव्हरच्या हॅटबद्दल इतक्या आस्थेनं आयुष्यात कोणी ‘अगंबाई’ म्हटलं नसेल.

*

फेरीबोटीतून उतरलं की स्ट्रॉमनेस, आणि त्याला एकच मुख्य रस्ता. त्याला रस्ता म्हणायचं, कारण त्यावरून मोटारी जातात. एरवी ती दगडी फरसबंदीची बोळच. दोन्हीकडे घरं अंगावर आलेली, फूटपाथ नावाला नाही. म्हाताऱ्या बायका, कुत्री, बाबागाड्या आणि मोटारी एकाच फरशीवरून, एकमेकांना वाट देत जातात. मधेच घरांच्या फटीतून समुद्राचा तुकडा दिसतो. एका कोपऱ्यात जुनी विहीर आहे, आता बंद केलेली. कंपनीची जहाजं इथलंच पाणी भरून घेत.

देवयानीचं भाषण दुसऱ्या दिवशी दुपारी झालं. चर्चच्या हॉलमध्ये चाळीसेक माणसं, बहुतेक सगळी सुप्रभाच्या वयाची, आणि मागच्या टेबलावर त्यांनी घरून आणलेले केक. देवयानी इंग्रजीत बोलायला लागली की तिचे पाय बरोबर पडत. इथली पोरं पाच वर्षांच्या करारावर जात, ती सांगत होती. पाच म्हणता म्हणता दहा होत. कोणी तिकडेच संसार थाटत. घरी निरोप येई, पुढच्या जहाजानं येतो.

सुप्रभाला हसू आलं. पुरुषोत्तमांनीही नागपुरात तिच्या वडिलांना पाच वर्षंच सांगितली होती. तिनं शेजारी पाहिलं. ते मान जरा डावीकडे वळवून ऐकत होते. हल्ली तशीच वळवत.

चहाच्या वेळी एका ठेंगण्या म्हातारीनं सुप्रभाच्या हातात जिंजरब्रेडची बशी दिली. “तुमची लेक छान बोलते. माझ्या आजीचे वडील तसेच गेले. टेबलाशी त्यांची खुर्ची मांडलेली असायची. ते येणार नाहीत हे घरात सगळ्यांना माहीत, पण बोलत कोणी नसे. बोलणं बरं दिसलं नसतं ना!”

“मग कोण बोललं शेवटी?”

“कोणीच नाही. खुर्ची मोडली.” म्हातारी खळखळून हसली. “अजून एक घ्या.”

सुप्रभानं अजून एक घेतला आणि पुरुषोत्तमांना द्यावा म्हणून वळली. ते जागेवर नव्हते. दाराशीही नव्हते.

“बाबा?” देवयानी म्हणाली. “बाबा गाडी आणायला गेला. फेरीबोटीची वेळ झाली, म्हणाले, दारातच आणतो.”

“एकटे?”

देवयानीचा चेहरा उतरला. आत्ता तिच्या लक्षात आलं.

सुप्रभा बशी घेऊनच बाहेर पळाली. पळणं हा शब्द जरा उदार आहे; गुडघे तिचे बासष्ट वर्षांचे होते. बोळीत ऊन होतं, माणसं होती. एक बाई बाबागाडी ढकलत होती. शाळा सुटलेली पोरं फरशांच्या फटींवर पाय न देता उड्या मारत येत होती. सगळीजणं एकाच भिंतीला धरून. म्हणजे येणाऱ्या गाडीच्या डाव्या हाताला. कान देऊन ती किंकाळी ऐकत होती, आणि स्वतःला शिव्या घालत होती. इतकं साधं एक वाक्य. मी बोलले असते तर काय आकाश कोसळलं असतं? फार तर ते आठ दिवस जेवले नसते.

वळणावर तिला गाडी दिसली.

बोळीच्या अगदी मधोमध उभी. इंजिन बंद, इंडिकेटर चारही लुकलुकताहेत. मागं एक व्हॅन आणि दोन मोटारी, मुकाट. कोणीही हॉर्न वाजवत नव्हतं. व्हॅनवाला खाली उतरून भिंतीला टेकून चक्क पाईपमध्ये तंबाखू भरत होता. पुढं कोणी पडलेलं नव्हतं. रक्त नव्हतं. तिनं दोनदा पाहिलं.

उजवीकडची, ड्रायव्हरची सीट रिकामी होती. पुरुषोत्तम डावीकडे बसले होते. तिच्या जागेवर. खरं म्हणजे, तीस वर्षांच्या स्वतःच्या जागेवर. पट्टा लावलेला, हात मांडीवर.

तिनं ड्रायव्हरचं दार उघडलं. तिच्या हातात अजून बशी होती.

“काय झालं?” तिला धाप लागली होती.

“काही नाही. पाठ धरलीये जरा,” ते समोर बघत म्हणाले. “तू घे.”

मागून देवयानी आली. तिनं बशी घेतली आणि काही न विचारता मागं बसली. सुप्रभानं सीट पुढं ओढली. या गाडीच्या या बाजूला ती स्टॅनमोअरनंतर बसलीच नव्हती.

“आरसा तुझ्या उंचीचा कर,” डावीकडून आवाज आला. “घाई नाही. मागचे थांबतील. भले लोक आहेत.”

तिनं आरसा फिरवला. चावी फिरवली. गाडी निघाली. बाबागाडी गेली, पोरं गेली. एका दारातून मांजर सटकन आडवं आलं आणि गाडी थांबली, कशी अलगद.

“हा मी दाबला नाही बरं,” पुरुषोत्तम म्हणाले. “तूच दाबलास.”

मांजर गेलं तरी सुप्रभा गाडी पुढं नेईना.

“पेडल पायाखालून आपोआप खाली गेलं की कळतं माणसाला,” ते सावकाश म्हणाले. “पहिल्या दिवशीच्या पोरालासुद्धा कळतं. मला कळणार नाही?”

“कधीपासून माहितीये?”

“मिल हिल.”

“मग बोलला का नाहीत?”

“तू का नाही बोललीस?”

ती पहिल्या गिअरमध्ये हळूहळू पुढं निघाली.

“तू जरा उशिरा दाबतेस,” ते म्हणाले. “पण दाबतेस चांगला. हिसका कमी. मेंढीचा सोडून.”

मागं देवयानी हुंदका दिल्यासारखी हसली, की हसल्यासारखा हुंदका दिला, आईला नीट कळलं नाही. जिंजरब्रेड तोंडात होता, म्हणून असेल.

“आज मात्र पाय ठेवला आणि खालून काही हललंच नाही,” ते म्हणाले. “सबंध बोळ समोर, आणि पेडल मेल्यासारखं गार. म्हटलं, आता मात्र गाडीत कोणीच नाही.” मग त्यांनी बोटानं पुढं दाखवलं. “डावीकडं घे. पिअरच्या धक्क्याकडे.”

*

फेरीच्या रांगेत त्यांच्यापुढं गुरांचा ट्रक होता आणि वाऱ्याला त्याचा वास. जहाजाचं तोंड उघडलेलं होतं. सुप्रभानं आत डोकावून पाहिलं. आत लोखंडी उतरण, दोन्हीकडे भिंती, आणि वरून गाड्या चेपून लावणारी माणसं. शाळा, आठवड्याची भाजी आणि देऊळ एवढाच तिच्या गाडीचा पल्ला होता. इथून एजवेअर सातशे मैल होतं. बेरिडेलचा चढ होता. आणि डाव्या हाताला, सबंध सातशे मैल, ते.

“मला शिकवणार ना तुम्ही आता?” ती म्हणाली.

“सवय आहे गं ती.”

“मी उतरणार नाही. पण थोडं कमी शिकवा.”

“बघतो,” ते म्हणाले, आणि त्या शब्दावर किंचित थबकले.

पिवळ्या जाकिटातला, वाऱ्यानं चेहरा भाजलेला फेरीवरचा माणूस रांगेतून एकेका गाडीशी वाकत येत होता. डाव्या खिडकीशी आला आणि पुरुषोत्तमांना ओळखून हसला. काल येताना त्यांनी बोटीत इंचाचा फरक न पडू देता गाडी लावली, तेव्हा यानंच अंगठा वर केला होता.

“काय हो, आज ड्रायव्हरला सुट्टी?”

“हिज बॅक,” देवयानी मागून पटकन म्हणाली. “पाठ दुखतेय त्यांची. लांबचा प्रवास झाला ना, म्हणून—”

सुप्रभानं स्टिअरिंग घट्ट धरलं. ती समोर गुरांच्या ट्रककडे बघत होती. एक काळी गाय फटीतून नाक बाहेर काढून समुद्र हुंगत होती.

“नाही, पाठ ठीक आहे माझी,” पुरुषोत्तम इंग्रजीत म्हणाले. धडा सांगायच्या आवाजात, एकेक शब्द सुटा. “मला डाव्या बाजूचं दिसत नाही. वर्ष झालं. इथून पुढे गाडी माझी बायको चालवील.”